एजंट बदला, पण हिशोब चुकता करून

“मिस्टर कधी येणार आहेत?” कोनला घर पाहायला गेले की एजंटाचा पहिला प्रश्न हाच. घर मी घेणार होते, कर्ज माझ्या पगारावर मिळणार होते; पण तो बोलायचा माझ्या सोबतीला आलेल्या भावाशी. चार महिने मी हे चालवून घेतले. का? तर भीड. बिचारा दर रविवारी स्वतःचे पेट्रोल जाळून आपल्याला फिरवतो, त्याला नाही कसे म्हणायचे?

पनवेलजवळचे कोन आपल्यापैकी अनेकींना गिरणी कामगारांच्या घरांमुळे माहीत आहे. २०१६ साली म्हाडाने तिथल्या सुमारे २,४०० घरांची सोडत काढली. ताब्यासाठी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना पुढे कित्येक वर्षे ताटकळावे लागले. ज्यांची चिठ्ठी कुठल्याच सोडतीत निघत नाही त्यांना बाजारात उतरावे लागते, आणि तिथे गाठ एजंटाशी असते.

एक रीसेलचा फ्लॅट मला आवडला. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र मागितले, तर तो म्हणाला, “ताई, कागदपत्रांचं मी भाऊंशी बोलतो. आणि त्यांचंही नाव घाला, बरं असतं.” महाराष्ट्रात २०२१ पासून, घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. भावाचे नाव घातले असते तर ती गेली असती, आणि घरही माझे एकटीचे राहिले नसते. त्या दिवशी ठरवले, हा एजंट नको.

फोन उचलायचे बंद करणे ही सोपी वाट होती. आपल्याला तोंडावर नाही म्हणायला शिकवलेलेच नसते. पण मी चिठ्ठी लिहून दिली: आजपासून तुम्ही माझ्यासाठी घर शोधू नये, आतापर्यंत दाखवलेल्या घरांची यादी तारखांसह सोबत आहे. एजंट आपल्या वतीने काम करत असेल तर त्याला थांबवण्यापूर्वी वाजवी सूचना द्यावी, असे १८७२ चा भारतीय करार कायदाही सांगतो. ठरावीक मुदतीचा करार सबळ कारणाशिवाय मोडला, तर भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून एजंटाच्या छापील फॉर्मवर सही करण्यापूर्वी मुदत वाचा.

दुसरी एजंट एक बाई होती. तिने आठवडाभरात त्याच फ्लॅटचे भोगवटा प्रमाणपत्र माझ्या हातात ठेवले. मग हळूच म्हणाली, “त्याला कशाला कळवता? मालकाशी परस्पर बोलू. मला एकच टक्का द्या.” पहिला दोन टक्के मागत होता. गटातल्या मैत्रिणीही म्हणाल्या, “ज्यानं तुला माणूस मानलं नाही, त्याला दलाली कशाला?”

मला ते पटले नाही. घरातले आपले काम कुणी मोजत नाही, म्हणून आपण इतकी वर्षे भांडतो आहोत. मग आवडत नाही म्हणून दुसऱ्याचे काम आपणच न मोजता कसे सोडायचे? ते घर त्याने शोधले होते, कागद तिने मिळवले होते. दोघांना समोरासमोर बसवून दोन टक्क्यांची निम्मी-निम्मी वाटणी ठरवली, लिहून घेतली, आणि व्यवहार पूर्ण झाल्यावर पैसे दिले. त्याच्या वागण्याबद्दल जे सांगायचे ते त्याच बैठकीत सांगितले. त्याला राग आला. येऊ दे. पैसे बुडवून घेतलेला सूड आणि तोंडावर सांगितलेला दोष, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मैत्रिणींनो, नव्या नोंदणीकृत प्रकल्पात घर घेत असाल तर एजंटाचा महारेरा क्रमांक आधी विचारा. २०१६ च्या रेरा कायद्याने तिथे एजंटाची नोंदणी सक्तीची आहे, आणि त्याने फसवले तर तक्रार करता येते. दलाली किती, कधी आणि कोणत्या कामाची, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. एजंट तुमच्याऐवजी सोबतच्या पुरुषाशी बोलत असेल, तर माझ्यासारखे चार महिने थांबू नका. बदला. मात्र त्याने केलेले काम त्याच्या नावावर लिहा, आणि घर तुमच्या.