फोनला जोडता येणारी सोनोग्राफी डॉक्टरांच्या खिशात का नाही?

अतिदक्षता विभागातल्या तान्ह्या बाळाला बरेच दिवस औषधं किंवा शिरेतून पोषण द्यायचं असेल, तर हातावरची छोटी सुई पुरत नाही. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत बारीक नळी सरकवावी लागते. हीच सेंट्रल लाइन. पण बाळाच्या मानेतली ‘मोठी’ शीर असते काही मिलिमीटरचीच, आणि तिला खेटून मेंदूला रक्त नेणारी धमनी असते. सुई जरा चुकली तर धमनीला किंवा फुप्फुसाला इजा होऊ शकते.

पूर्वी डॉक्टर स्नायू आणि हाडांच्या खुणा बघून अंदाजाने टोचायचे. आता सोनोग्राफीत शीर बघत बघत टोचता येतं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००२ मध्येच मानेतल्या शिरेसाठी, मोठ्यांना आणि मुलांनाही, ही पद्धत सुचवली होती.

शीर दिसते कशी?

प्रोब आवाजाच्या लहरी आत पाठवतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीतून चित्र बनवतो. १० मेगाहर्ट्झला शरीरातल्या लहरीची लांबी साधारण ०.१५ मिमी असते, म्हणून बारीक शीरही स्पष्ट दिसते. पण फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितकं खोलवरचं कमी दिसतं. शीर ओळखायची युक्ती सोपी आहे: प्रोब हलका दाबला की शीर चपटी होते, धमनी होत नाही.

२०१७ मध्ये अमेरिकेत ‘बटरफ्लाय’ नावाच्या प्रोबला मंजुरी मिळाली. क्रिस्टलऐवजी चिपवर सुमारे ९ हजार सेन्सर, आणि पडदा म्हणजे तुमचा फोन. एकाच प्रोबने उथळही बघा, खोलही. फक्त सेटिंग बदलायचं.

मग अडतं कुठे?

गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यात. गर्भाचं लिंग कळू शकेल असं कुठलंही मशीन या कायद्यात येतं, मग ते बाळाची शीर बघायला घेतलेलं का असेना. नोंदणी नसलेल्यांना ते विकताही येत नाही. २०१२ च्या नियमांप्रमाणे पोर्टेबल मशीन जिथे नोंदवलंय, त्याच जागेत, भरती असलेल्या पेशंटसाठी वापरायचं. सूट आहे ती इतरही आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाला.

म्हणजे नागपूरच्या मेडिकलमध्ये नोंदवलेलं मशीन एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात नेता येईल. पण धंतोली-रामदासपेठेत, जिथे हॉस्पिटलं एकमेकांना लागून आहेत, तिथे दोन-तीन ठिकाणी जाणारा भूलतज्ज्ञ स्वतःचा प्रोब बॅगेत टाकून फिरू शकत नाही. लहान हॉस्पिटलने वेगळं मशीन घेऊन नोंदवलं नसेल, तर तिथल्या बाळाच्या वाट्याला अंदाजच येणार.

कायदा उगाच नाही

कायदाच काढून टाका, असं म्हणणं सोपं आहे. पण महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या. कोल्हापूरमध्ये तर सोनोग्राफी मशीनला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचा रेकॉर्डर बसवायला लावला आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. खिशात मावणारं मशीन चुकीच्या हातात गेलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

कुलूप कुठे लावायचं?

आजचं कुलूप जागेला आहे. माझ्या मते ते वापराला हवं. उदाहरणार्थ, ४ सेंटिमीटरपलीकडचं दाखवणारच नाही असा प्रोब. ही मर्यादा फोनमधल्या ॲपमध्ये ठेवून चालणार नाही, कारण फोन रूट करणारे किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. ती प्रोबच्याच फर्मवेअरमध्ये हवी, आणि कंपनीची डिजिटल सही नसलेलं अपडेट त्याने घेऊ नये. तरी पळवाटा राहतीलच, म्हणून प्रत्येक स्कॅनची वेळ, ठिकाण आणि चित्र साठवायचं. अर्थात नुसतं साठवून भागत नाही, ते नियमित तपासणारी माणसंही लागतात. एवढं झालं, तर अशा प्रोबची नोंदणी खोलीऐवजी डॉक्टरच्या नावावर करता येईल.

तोपर्यंत एक लक्षात ठेवा. घरातलं बाळ एनआयसीयूमध्ये असेल आणि मानेतून सेंट्रल लाइन टाकायची ठरली, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा: “सोनोग्राफीत बघून टाकणार का?” हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.