प्रश्न काडीचा नाही, कालव्यांचा आहे

इंडोनेशियात वणवे पेटले की काडी लावणाऱ्या गरीब शेतकऱ्याकडे बोट दाखवण्याची सत्ताधाऱ्यांची जुनी रीत आहे. परंतु खरा प्रश्न, जमीन जळण्याजोगी कोणी केली, हा आहे.

मध्य कालीमंतानच्या दलदलीत हजारो वर्षे पाने, मुळे आणि खोडे पाण्याखाली साचत गेली. प्राणवायूअभावी ती पुरती कुजली नाहीत. त्यांच्या थरांतून पीट ही कार्बनने भरलेली काळी माती बनली. १९९५ मध्ये हुकूमशहा सुहार्तोच्या राजवटीने भाताच्या स्वयंपूर्णतेचे नाव पुढे करून येथील सुमारे १० लाख हेक्टर प्रदेश लागवडीखाली आणण्याचे फर्मान काढले. दायक आदिवासींना न विचारता ४,००० किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खोदले गेले. आम्लयुक्त मातीत भात पिकला नाही. लाकूड तेवढे ठेकेदारांनी नेले. सुहार्तो गेल्यावर योजना गुंडाळली गेली, कालवे मात्र राहिले.

कालवा पाणी काढून नेतो आणि जमिनीत हवा शिरते. मग जिवाणू तो जुना साठा कुजवू लागतात व कार्बन डायऑक्साइड आकाशात जातो. ही गळती आगीवाचूनही अहोरात्र चालते. ठिणगी पडली तर जमीन आतून आठवडेच्या आठवडे धुमसते. १९९७ च्या आगींत इंडोनेशियाच्या पीटमधून व जंगलांतून ८१ ते २५७ कोटी टन कार्बन हवेत गेला, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये मांडला. खनिज इंधनांतून जगभर वर्षाकाठी होणाऱ्या उत्सर्जनाच्या तुलनेत हे प्रमाण १३ ते ४० टक्के भरते.

भारताचा याच्याशी संबंध नाही, असे समजण्याचे कारण नाही. पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार भारतच आहे, आणि सुमात्रा व कालीमंतानमधील कित्येक पाममळे अशाच निचरा केलेल्या जमिनीवर उभे आहेत. तेलाच्या भावात धुराची किंमत धरलेली नसते; ती तेथील कष्टकरी आपल्या फुफ्फुसांनी चुकवतात.

उपाय ठाऊक आहे. कालव्यांवर बांध घालून पाणी पुन्हा वर आणले की कार्बनची गळती थोपते. ओल्या दलदलीतून काही मिथेन निघतो हे खरे. तथापि एकूण हिशेब लाभाचाच ठरतो. २०१६ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने या कामासाठी खास संस्था नेमली, आणि २०२० मध्ये त्याच फसलेल्या प्रदेशाच्या काही भागात पुन्हा भातशेतीची योजना जाहीर केली!

दलदल म्हणजे पडीक जमीन नव्हे. तिचा निर्णय तिच्यावर जगणाऱ्या जनतेच्या हाती आला पाहिजे. काड्या विझवून भागणार नाही. कालवे बुजवावे लागतील, आणि ज्यांनी त्यातून नफा उपसला त्यांच्याकडून त्याचा खर्च वसूल करावा लागेल.