एकच अभिवादन कशासाठी?

संपादक महोदय,

जाहीर कार्यक्रमांत फक्त 'नमस्कार' म्हणावे, बाकीच्या अभिवादनांतून माणसाची जात कळते, असे आपल्या एका वाचकाने लिहिले आहे. त्यांची कळकळ खरी आहे. उपाय मात्र पटत नाही.

आमच्या भागात राम राम, जय भीम, तुकडोजी महाराजांच्या सेवकांचा जय गुरु, गोंड बांधवांचा जय सेवा, महानुभावांचा दंडवत प्रणाम हे सारे कानावर पडते. यांतले 'जय भीम' रूढ करण्याचे श्रेय आपल्याच जिल्ह्यातल्या कामठीच्या बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे यांना दिले जाते. मुस्लिमांच्या सलामाला ठरलेले उत्तर असते, तसे आपल्या समाजालाही असावे म्हणून त्यांनी 'जय भीम'ला 'बल भीम' हे उत्तर सुचवले, असे सांगतात. १९३७ साली ते प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ मध्ये, पस्तिशीतच गेले.

'जय भीम' रूढ होण्याआधी महार माणसाला वाकून 'जोहार मायबाप' म्हणावे लागे. ताठ मानेने, बरोबरीच्या नात्याने म्हणता येणारे अभिवादन ज्यांनी असे मिळवले, त्यांना ते मंचाखाली ठेवून या म्हणणे अन्यायाचे आहे. जात अभिवादनामुळे टिकत नाही. ते ऐकून चेहरा बदलणाऱ्यांमुळे टिकते.

वक्त्याने आपले अभिवादन खुशाल म्हणावे, श्रोत्यांनी त्याच शब्दांत उत्तर द्यावे. आणि बाबू हरदासांचे नाव जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत मुलांना सांगितले जावे, ही माझी आग्रहाची विनंती.

– एक वाचक, कळमेश्वर (जि. नागपूर)