आज विकले तर किती येतील?

‘रास्त’ हा शब्द आपल्या घराघरांत आला तो रेशनच्या पिशवीतून. ‘रास्त भाव धान्य दुकान’ ही पाटी वाचत माझी पिढी रांगेत उभी राहिली. तिथे भाव सरकार ठरवी, तो फळ्यावर खडूने लिहिलेला असे आणि त्यावर वाद घालायची सोय नव्हती. कंपन्यांच्या ताळेबंदात जे ‘रास्त मूल्य’ लिहिले जाते, तिथे मात्र पुष्कळदा असा फळा नसतो. आपल्या मालमत्तेचे आणि देण्यांचे आजचे मोल किती, हे कंपनीने स्वतःच काढायचे असते. रविवारच्या चहाबरोबर हा विषय रुक्ष वाटेल, हे मी जाणतो. पण आपल्या म्युच्युअल फंडाच्या युनिटचा रोजचा भाव, बँकेतली ठेव, शेअरवरचा लाभांश यांच्यामागे अशीच कोणाची तरी मोजणी असते. तेव्हा विषय आपल्याही घरचाच आहे.

जुनी रीत साधी होती. वस्तू ज्या किमतीला घेतली ती वहीत मांडायची आणि दरवर्षी घसारा वजा करायचा. पावती हातात असल्यामुळे आकड्याला कोणी खोटे म्हणू शकत नसे. पण ही रीत प्रामाणिक असली तरी आंधळी होती. गिरणगावातल्या कितीतरी जमिनी आजोबा-पणजोबांच्या काळातल्या आकड्यांनिशी वह्यांत पडून होत्या. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या, तेव्हा सुमारे २,००० कोटी रुपये आले. हे मोल विक्रीच्या दिवशी आकाशातून पडले नव्हते. भोंगे वाजत होते, चाळीतली माणसे पाळीवर जात होती, तेव्हापासून ते त्या मातीत साठत होते. वहीला ते दिसत नव्हते, इतकेच.

हा आंधळेपणा घालवण्यासाठी २०११ साली रास्त मूल्याच्या मोजणीचे आंतरराष्ट्रीय मानक आले. आपल्याकडे ‘इंड एएस ११३’ या नावाने ते २०१५ साली अधिसूचित झाले आणि १ एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झाले. सगळ्याच गोष्टी रास्त मूल्याने मांडाव्यात असे ते म्हणत नाही; जिथे मांडायच्या तिथे कशा मोजाव्यात, ते सांगते. प्रश्न एकच: आज बाजारातल्या जाणत्या, राजीखुशीच्या गिऱ्हाइकाला ही वस्तू विकली तर किती येतील? आणि देणे असेल, तर ते दुसऱ्याने अंगावर घ्यावे म्हणून त्याला किती द्यावे लागतील?

बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. बाई पाटल्या घेऊन येतात. सोनार कसोटीवर घासतो, लाखेचे आणि खड्यांचे वजन वजा करतो आणि आकडा सांगतो. बाईंचा चेहरा उतरतो. “अहो, मजुरीच केवढी दिली होती!” त्यांचे म्हणणे खरे असते. पण आपण काय दिले हा प्रश्नच नसतो. आज काय येईल, हा असतो. उलट, कर्ज थकून त्याच पाटल्यांचा लिलाव झाला, तर त्या दिवशी येणारी किंमतही रास्त म्हणता येत नाही. तो अडलेल्याचा भाव. रास्त मूल्य या दोहोंपेक्षा वेगळे असते.

पाटल्यांचे ठीक आहे, सोन्याचा भाव रोज छापून येतो. ज्याला बाजारच नाही, त्याचे काय? म्हणून मानकाने तीन पायऱ्या आखल्या. पहिली पायरी म्हणजे त्याच वस्तूचा चालू बाजारातला भाव. शेअर बाजारातल्या रोज उलाढाल होणाऱ्या शेअरसारखा. दुसरी शेजाऱ्याच्या भावाची. शेजारच्या विंगमधला फ्लॅट कितीला गेला त्यावरून आपल्या घराचा अंदाज बांधावा, तशी. तिसऱ्या पायरीवर बाजाराचा आधार जवळजवळ संपतो. पुढे किती वर्षे किती उत्पन्न येईल, हे आपणच कल्पायचे आणि व्याजदर लावून आजची किंमत काढायची. दरवर्षी कायम १०० रुपये देणारा हक्क ८ टक्क्यांनी मोजला तर १,२५० रुपयांचा होतो, १० टक्क्यांनी मोजला तर १,००० चा. दोन टक्क्यांच्या फरकाने पाचवा हिस्सा नाहीसा! ही पायरी कादंबरीकाराची आहे. पटेल असे पात्र कसे उभे करावे हे मला थोडेफार ठाऊक आहे, आणि म्हणूनच पटण्यासारखे सगळे खरे नसते, हेही ठाऊक आहे.

दाभोळमुळे महाराष्ट्राला ठाऊक झालेली एन्रॉन कंपनी याच पायरीवरून घसरली. १९९२ साली अमेरिकी नियामकाने तिला गॅसच्या करारांसाठी बाजारमूल्याने हिशेब मांडायची मुभा दिली. पुढल्या कित्येक वर्षांत मिळेल असे वाटणारा नफा करार झाला त्याच वर्षी जमा होऊ लागला. बाजारात तुरी, आणि इथे वरणाच्या पंगती उठत होत्या. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. तशी पहिली पायरीही नेहमी पक्की असते असे नाही. तशीच कंपनी आज नव्याने उभारायला जो खर्च येईल तेच तिचे खरे मोल, असे हर्षद मेहता सांगत होता. तेजीत एसीसीचा शेअर २०० रुपयांच्या आसपासून ९,००० च्या घरात गेला. १९९२ साली ती तेजी बँकांच्याच पैशांवर पोसलेली होती, हे उघड झाले.

देण्यांची तऱ्हा तर आणखी न्यारी. कंपनीची पत घसरली की तिच्या रोख्यांचा भाव पडतो. म्हणजे कागदावर तिचे देणे हलके होते आणि नफा दिसतो! मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी बँकेने २०११ च्या तिसऱ्या तिमाहीत असा ३.४ अब्ज डॉलरचा लाभ दाखवला होता. पुढे नियम बदलले आणि असा लाभ साधारणपणे नफ्यातून बाहेर ठेवला जाऊ लागला.

मग जुनी रीतच बरी नव्हती का? नव्हती. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने आपले बहुतेक रोखे ‘मुदतीपर्यंत ठेवू’ असे म्हणून मूळ हिशेबाच्या किमतीवर ठेवले होते. व्याजदर चढले आणि त्या रोख्यांचे मोल घसरले. सुमारे १५ अब्ज डॉलरचा हा खड्डा ताळेबंदाच्या आकड्यांत नव्हता, खालच्या टिपणात होता. ९ मार्च २०२३ या एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. डोळे मिटून घेतल्याने खड्डा बुजत नाही.

म्हणून मोजणे हवेच. प्रश्न आहे तो मोजलेल्या आकड्याचे काय करायचे, हा. या बाबतीत आपल्या रिझर्व्ह बँकेने शहाणपणा दाखवला आहे. १ एप्रिल २०२४ पासून बँकांच्या गुंतवणुकीला या तीन पायऱ्या लागू झाल्या, आणि तिसऱ्या पायरीवरच्या, हाती न पडलेल्या नफ्यातून लाभांश वाटायला मनाई झाली. तो भांडवलातूनही वजा धरायचा आहे. मोजा, लिहा, पण खाऊ नका, असा तो दंडक आहे. हाच दंडक सगळ्याच कंपन्यांच्या लाभांशाला आणि अधिकाऱ्यांच्या बोनसला लागू व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कागदावरचा नफा वाटून घेणारे पुढे निघून जातात. मागे राहतात ते निवृत्तीची पुंजी गुंतवून बसलेले लोक.

घरी एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल आला, तर अध्यक्षांचा हसरा फोटो उलटून सरळ मागच्या टिपणांकडे जावे. तिथे पहिली, दुसरी, तिसरी पायरी असा तक्ता असतो. तिसरीवर किती रक्कम उभी आहे, ती गेल्या वर्षीपेक्षा किती फुगली आणि कोणता व्याजदर धरून, एवढे तीन प्रश्न विचारावेत. त्यांना हिशेबतपासनिसाची पदवी लागत नाही. पाटल्या काउंटरवर ठेवून सोनाराच्या तराजूकडे डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या बाईंची नजर पुरते.