आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

कायद्याने एका हाताने द्यावे आणि कारभाराने दुसऱ्या हाताने काढून घ्यावे, हा प्रकार आपल्या देशात नवा नाही. परंतु जेथे वाया गेलेला प्रत्येक आठवडा जिवाचा धोका वाढवितो, तेथे अशा कारभारास केवळ ढिलाई म्हणून सोडून देता येत नाही. गर्भपाताच्या गोळ्यांच्या बाबतीत महाराष्ट्रात जे घडत आले आहे ते याच जातीचे आहे. औषध कायदेशीर, डॉक्टरांची चिठ्ठी कायदेशीर. तरीही स्त्रीने औषधांची चार दुकाने पालथी घालावीत आणि चारही ठिकाणी ‘आम्ही ते ठेवीत नाही’ एवढेच उत्तर ऐकून परतावे, असा अनुभव पुण्यामुंबईच्या सुशिक्षित स्त्रियांनाही येतो. मग तालुक्याच्या गावी काय होत असेल, हे सांगावयास नको.

या गोळ्या काही चोरट्या मार्गाने आलेल्या नाहीत. मिफेप्रिस्टोन या औषधास भारतात २००२ साली मान्यता मिळाली. पहिली गोळी गर्भ टिकविणाऱ्या संप्रेरकाचे कार्य थांबविते; एकदोन दिवसांनी घ्यावयाची मिसोप्रोस्टॉल ही दुसरी गोळी गर्भाशय रिकामे करते. जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्याकडे गर्भधारणेच्या नवव्या आठवड्यापर्यंत ती देण्यास नियमांची संमती आहे. मग ती दुकानांतून नाहीशी का झाली?

याचे उत्तर दुसऱ्याच एका पापात आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ साली त्या ८९४ उरल्या. पुढच्याच वर्षी बीड जिल्ह्यातील परळी येथे एका स्त्रीचा गर्भपातात मृत्यू झाला आणि स्त्रीभ्रूणहत्येचा बाजार चव्हाट्यावर आला. लोकांचा संताप रास्त होता. शासनाने काही करून दाखविणे भागच होते. परंतु सोनोग्राफीच्या यंत्रामागे बसलेल्या गुन्हेगारास हुडकणे कष्टाचे, आणि औषधविक्रेत्याच्या फळीवरील पाकिटे मोजणे सोपे! तपासण्या सुरू झाल्या, पाकिटापाकिटाचा हिशेब मागण्यात येऊ लागला, परवान्यावर टांगती तलवार आली. थोड्याशा नफ्यासाठी हा ससेमिरा कोण पाठीशी लावून घेईल? दुकानदारांनी माल ठेवणेच सोडले.

आता साधा हिशेब पाहावा. या गोळ्यांची कायदेशीर मुदत नऊ आठवडे. सोनोग्राफीवर गर्भाचे लिंग ओळखता येते ते साधारणपणे बाराव्या आठवड्यानंतर. ज्या काळात मुलगा की मुलगी हे यंत्र सांगू शकत नाही, त्या काळातले औषध अडवून किती मुली वाचणार? कोणी म्हणेल, याच गोळ्या चौथ्यापाचव्या महिन्यात चोरून दिल्या जातात. दिल्या जात असतीलही. परंतु तेथेही गुन्ह्याचा उगम लिंग सांगणाऱ्याच्या जिभेत आहे, गोळीत नाही. त्या जिभेस आवर घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांआधी कायदा केला आणि १९९४ साली केंद्राने त्याचे अनुकरण केले. तो कायदा कठोरपणे राबवा. आम्ही त्याचे स्वागतच करू. परंतु आग रामेश्वरी लागली असता बंब सोमेश्वरी धाडण्यात कसला पुरुषार्थ?

या गोळ्या निर्धोक नाहीत, त्या खुल्या सोडू नयेत, हा आक्षेप मात्र विचारात घेतला पाहिजे. गर्भ गर्भाशयाबाहेर रुजलेला असेल तर त्या निरुपयोगी ठरतात आणि निदानास उशीर होऊन प्राणावर बेतू शकते. काही वेळा रक्तस्राव थांबत नाही. म्हणूनच तपासणी हवी, डॉक्टरांचा सल्ला हवा. परंतु सल्ला मिळाला आणि औषधच मिळाले नाही, तर ती स्त्री निमूटपणे घरी जाऊन बसेल काय? ती मागल्या दाराने दामदुप्पट देऊन तीच गोळी घेईल, आणि ती कशी घ्यावी, केव्हा दवाखाना गाठावा, हे तिला सांगणारा कोणीही नसेल. पैसेवाली खाजगी रुग्णालयात जाऊन सुटेल. मोलकरीण, ऊसतोड मजूर, वसतिगृहात राहणारी अविवाहित मुलगी यांनी कोठे जावे? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये विवाहित आणि अविवाहित असा भेद करू नये असे बजावले. तो निर्णय औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचावयास नको काय?

मुळातला कायदाही हात आखडूनच देतो. शांतिलाल शाह यांच्या समितीने १९६६ साली अहवाल दिला, त्यातून १९७१ चा कायदा झाला आणि २०२१ साली त्याची कक्षा वाढली. तरीही गर्भपात हा दंडसंहितेच्या लेखी आजही गुन्हाच आहे, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्या गुन्ह्यातून सुटलेली नाही. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा हा त्यास अपवाद आहे, आणि त्या अपवादाची किल्ली डॉक्टरांच्या हाती आहे. जेथे हक्काऐवजी सवलत असते, तेथे एखाद्या निरीक्षकाची नुसती नजरही दार बंद करावयास पुरते.

म्हणून आमची मागणी अगदी मर्यादित आहे. वैध चिठ्ठीवर या गोळ्या विकणे हा गुन्हा नाही, असे अन्न व औषध प्रशासनाने लेखी परिपत्रकाने औषधविक्रेत्यांस कळवावे. पात्र डॉक्टर असलेल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात त्यांचा साठा ठेवावा. कायदा स्त्रीचे नाव गुप्त राखण्यास सांगतो. ते हिशेबाच्या वह्यांतून उघडे पडू देऊ नये. आणि तपासणीचा मोर्चा सोनोग्राफी केंद्रांकडे वळवावा.

१८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तेव्हा दाराशी आलेल्या स्त्रीची त्यांनी उलटतपासणी केली नाही. तिला आत घेतले. त्यांचे नाव उठताबसता घेणाऱ्या राज्यात तिला आज दुकानाच्या फळीवरून परत फिरावे लागते, याची शरम शासनास वाटली पाहिजे, आणि आपणांसही.