'ब्रेक फेल झाले' या वाक्याचा कर्ता कोण?

आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे पेपर वाचतानासुद्धा व्याकरण काही सुटत नाही. 'ब्रेक फेल झाल्याने अपघात' हे वाक्य आजवर किती वेळा वाचलं असेल, गणती नाही. मोठं सोयीचं वाक्य आहे हो! यात ब्रेक आहेत, ते फेल होतात, पण कुणी केले याचा पत्ता नाही. मालक नाही, ड्रायव्हर नाही, मेस्त्री नाही. वळवाचा पाऊस पडावा तसे ब्रेक आपोआप फेल होतात.

मला हे वाक्यच मान्य नाही. माझ्या वर्गात कुणी लिहिलं असतं तर मी लाल शाईने विचारलं असतं, कर्ता कुठे आहे?

आम्हा सातारकरांना पुण्याला जाताना नव्या कात्रज बोगद्यानंतरचा नवले पुलाकडचा उतार रोजचा. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्याच उतारावर एका अवजड ट्रकने अठ्ठेचाळीसच्या आसपास गाड्यांना ठोकरलं. पहिली बातमी अर्थातच 'ब्रेक फेल'. पुढे तपासात आलं ते असं की उतारावर ड्रायव्हरने इंजिनच बंद केलं होतं. दोन-चार लिटर डिझेल वाचवायचं! इंजिन बंद म्हणजे ब्रेकला मिळणारी मदतही बंद. आता सांगा, फेल कोण झालं? नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा त्याच ठिकाणी माणसं होरपळून गेली, आणि पुन्हा तेच वाक्य छापून आलं.

पण आज मला ट्रकवाल्यांवर लिहायचं नाही. त्यांच्यावर सगळेच लिहितात. मला लिहायचंय ते आपल्याच घरातल्या शिकल्यासवरल्या मुलांवर, ज्यांच्या दारात वेगवान गाड्या उभ्या आहेत. (नातेवाईक मंडळी, रागावू नका. रागावलात तरी वाचून रागवा.)

आमच्या सांगलीच्या पुतण्याने जुन्या बाजारातून एक ऑक्टाव्हिया आरएस घेतली. २०१७ साली या गाड्या आपल्याकडे मोजक्याच आल्या होत्या. २३० अश्वशक्ती! शून्यापासून शंभरचा वेग सात सेकंदांच्या आत. घेतल्या घेतल्या त्याने काय केलं? नवी अलॉय चाकं बसवली. गुरगुरणारा सायलेन्सर बसवला. इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करून आणखी ताकद काढली. आणि ब्रेकचे पॅड झिजले तेव्हा तिथल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "डिस्क चालतील अजून, पॅड टाकू फक्त." याने मान डोलावली. साताऱ्याला आला तेव्हा मी चाकाच्या फटीतून पाहिलं, तर डिस्कच्या कडेला नखाला अडेल एवढा काठ उभा राहिलेला आणि पृष्ठभागावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी. पुढच्या चाकांची बहुधा दुहेरी असते, मधे हवा खेळायला पोकळी. पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. गाडीचा वेग कुठे नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते आणि ती या बिडात साठून हवेत जाते. बीड जितकं कमी उरलं, तितकी डिस्क लवकर तापणार. म्हणून कारखानदार कमीत कमी जाडी ठरवून देतो आणि बहुतेक वेळा ती डिस्कवरच कोरलेली असते. नवी २५ मिलिमीटर असेल तर साधारण २२ ला तिचं आयुष्य संपलं. पॅडचा मसाला दोन-तीन मिलिमीटर उरला की पॅड गेले. आणि रेघाळलेल्या जुन्या डिस्कवर नवा पॅड टेकतो तो फक्त उंचवट्यांवर. म्हणजे नवीन पॅडचे पैसे दिलेत आणि पहिले कित्येक किलोमीटर अर्धामुर्धाच पॅड वापरताय!

"काका, लेथवर घासून सपाट करून घेतो की," पुतण्या म्हणाला. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. जाडी शिल्लक असेल तर घासून घेतलेली डिस्क चालते. पण घासायचं म्हणजे बीड आणखी कमी करायचं. आधीच काठावर आलेली डिस्क घासायची म्हणजे झिजलेल्या चपलेचा तळ सपाट दिसावा म्हणून कानशीने घासण्यासारखं.

दुसरं उत्तर ठरलेलं, "एबीएस आहे, सहा एअरबॅग आहेत." अरे बाबा, एबीएस चाक अडकू देत नाही, एवढंच त्याचं काम. पातळ झालेलं बीड ते जाड करत नाही. आणि एअरबॅग उघडते ती ब्रेकचं काम संपल्यावर.

वेगाचा हिशेब तर या मुलांना शाळेत शिकवलेला असतो. ऐंशीऐवजी एकशेचाळीसने गेलात तर वेग पावणेदोनपट होतो, पण थांबताना तयार होणारी उष्णता तिपटीहून जास्त. आपल्याकडच्या घाटाचं गणित मी विज्ञान शिकवणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याकडून तपासून घेतलं. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरलं की साधारण साडेपाचशे मीटर खाली येतो. दीड टनाची गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली, तर शंभरच्या वेगातून चौदा वेळा पूर्ण थांबवावी एवढी उष्णता त्या डिस्कनी सोसायची. म्हणून एसटीचे जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पुतण्याच्या गाडीत गिअर कमी करायच्या पट्ट्या स्टिअरिंगमागेच आहेत. त्या तो वापरतो, पण यवतेश्वरच्या चढावर पुढच्याला मागे टाकायला!

ब्रेक ऑईल हा तर कुणाच्या गावीच नसलेला विषय. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑईल २३० अंशांच्या आत उकळता कामा नये असं मानक आहे. ओल शोषलेल्या ऑईलसाठी हाच आकडा १५५ वर येतो. उतारावर ऑईल उकळलं की नळीत वाफ होते, पायाखालचा पेडल भुसभुशीत होतो आणि मग... मग तेच वाक्य. दोन वर्षांनी ऑईल बदला, एवढंच करायचं असतं.

आता खर्च. दोन्ही पुढच्या डिस्क, पॅड आणि ऑईल मिळून महागच पडतं, मी नाकारत नाही. डिस्क जोडीनेच बदलायच्या, एका बाजूची नाही, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते. पण पुतण्याच्या अलॉयच्या बिलापेक्षा ते कमी होतं, हे त्याने स्वतःच कबूल केलं. मग पैसे नव्हते असं कसं म्हणायचं? पैसे होते, ते दिसणाऱ्या गोष्टींवर गेले. दसऱ्याला त्याच अलॉयला हार घातला, चाकाखाली लिंबू फोडलं. पूजेला माझी ना नाही. पण लिंबाने डिस्कची जाडी वाढते असं मी कुठे वाचलेलं नाही.

आणि सरकारचं काय? गाडीच्या धुराची तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते, पीयूसी नसेल तर दंड. ट्रक-बसना फिटनेस प्रमाणपत्र लागतं. पण खासगी मोटार एकदा नोंदवली की पंधरा वर्षं तिचे ब्रेक कुणी अधिकाऱ्याने पाहावेत असं बंधन नाही! २३० घोडे रस्त्यावर मोकळे, आणि त्यांचा लगाम तपासायचा की नाही हे मालकाच्या मर्जीवर. धूर मोजायच्या त्याच वेळी चाकामागे डोकावून डिस्कची जाडी मोजायला फारतर अर्धा तास लागेल. 'एवढा त्रास लोकांना कशाला' म्हणणाऱ्यांनी आपल्या पोराला रात्री खंबाटकी उतरताना फोन लावून पाहावा, छातीत किती धडधडतं ते.

शेवटी पुतण्याने डिस्क, पॅड, ऑईल सगळं बदललं. या वेळी मेस्त्री चांगला भेटला. त्याने हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करूनच डिस्क बसवली, कॅलिपरच्या पिना काढून ग्रीस लावलं, नट नेमक्या ताकदीने आवळले आणि सांगितलं, पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, पॅड डिस्कला बसू द्या. हे सगळं बिलात दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

तर मंडळी, मे महिन्यात पुण्या-मुंबईहून साताऱ्या-सांगलीला याल तेव्हा निघण्याआधी अलॉयच्या फटीतून बोट घालून डिस्कची कड चाचपा. नख अडलं तर गॅरेजात जा आणि जाडी मोजायला लावा. आणि गाडी थंड असताना हं, नाहीतर बोट भाजल्याचं खापर माझ्यावर फोडाल.