मुलाची मान ताठ राहावी म्हणून



मुलांच्या शिक्षणाविषयी आपण वरचेवर बोलतो. दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, वह्या-पुस्तकांचा खर्च, दहावीनंतर कोणती लाइन घ्यावी, असे विषय निघतात. आज मात्र मार्कांच्याही आधी लागणाऱ्या एका गोष्टीविषयी बोलू या. ती म्हणजे मुलाचा धीर. उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारी मुले आपल्या वस्त्यांत पुष्कळ आहेत. वहीत गणित बरोबर असते, पण बाईंनी उभे केले की आवाज फुटत नाही. घरी भावंडांत वाघ, आणि शाळेत गेले की गोगलगाय!

कोणी म्हणेल, मूल स्वभावानेच लाजाळू आहे. काही मुले असतातही. पण सगळा दोष स्वभावावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधिकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन एक प्रयोग केला. त्याचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. मुलांना कागदावरची वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली होती आणि सुटलेल्या कोड्यांप्रमाणे पैसे मिळणार होते. जातीचा उल्लेख केला नाही तेव्हा तथाकथित वरच्या आणि खालच्या जातींची मुले जवळजवळ बरोबरीत राहिली. पण सर्वांसमक्ष प्रत्येकाचे नाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कोडी बरीच कमी सुटली. डोके तेच, कागद तसाच. चारचौघांत जात उच्चारली गेली एवढाच फरक!

याचा अर्थ आपली मुले कमकुवत आहेत असा मुळीच नव्हे. उलट संधी सारखी असली तर ती बरोबरीने चालतात, हेच त्यातून दिसले. पण समोरचा आपल्याला कमी लेखतो आहे, ही जाणीव मुलाच्या हातातले बळ काढून घेते. शाळेच्या दारात ही जाणीव भेटणारच असेल, तर तिच्यावरचा उतारा घरातून सोबत द्यायला हवा.

हा उतारा म्हणजे काय, हे बाबासाहेबांच्या लहानपणाकडे पाहिले की कळते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवाचे नाव दाखल झाले. तिथे बसायला स्वतःचे गोणपाट न्यावे लागे आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी मिळत नसे. शाळा रोज सांगत होती, तू कमी आहेस. घर मात्र दुसरेच सांगत होते. पुढे मुंबईला परळच्या चाळीत एकाच खोलीत संसार असताना सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत स्वतः जागत आणि मग मुलाला अभ्यासाला उठवीत. पुस्तकांना पैसे नसले तर लग्न झालेल्या लेकींकडे जात, वेळप्रसंगी त्यांचा दागिना गहाण टाकीत. माझ्या शिकण्यासाठी बाप झोप मोडतो, बहीण दागिना काढून देते, म्हणजे माझी किंमत मोठी आहे, हे त्या मुलाला कोणी शब्दांत सांगायची गरज होती काय? १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, त्यामागे हे घर होते.

आता आपल्या घराकडे पाहू. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माणसांना गप्प राहून जीव वाचवावा लागला. ‘मोठ्यांच्या तोंडी लागू नको’, ‘कशाला पुढे पुढे करतोस’, ‘आपण बरे की आपले काम बरे’, ही शिकवण प्रेमापोटीच दिली गेली. आजही कंत्राटदारापुढे उलट बोलले तर उद्याची हजेरी जाते. धुण्याभांड्याच्या घरी बाईंना काही सांगावे तर काम सुटायची भीती. दिवसभर गिळलेले शब्द आपण घरी घेऊन येतो आणि नकळत मुलालाही गिळायला शिकवतो. कधी तर दिवसभराचा अपमान रात्री पोराच्या पाठीवर निघतो. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना बंदी घातली. कायद्याने मास्तरांचा हात धरला, मग आपला हात आपणच धरायला नको का?

मुलाला धीर द्यायला पैसा लागत नाही. मोठ्या फीचे क्लास आपल्याला परवडत नाहीत म्हणून खंत करणाऱ्या आयांना आम्ही पुढील गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट शाबासकीची. ‘माझा बाळ लई हुशार’ असे आपण कौतुकाने म्हणतो. अमेरिकेत म्यूलर आणि ड्वेक या संशोधिकांनी १९९८ साली एक गोष्ट दाखवून दिली. ‘हुशार आहेस’ म्हणून वाखाणलेली मुले पुढे सोपे काम निवडू लागली आणि एकदा अपयश आल्यावर मागे पडली. ‘मेहनत चांगली केलीस’ असे ऐकलेली मुले अवघड कामालाही भिडली. कारण साधे आहे. हुशारीचा शिक्का पुसला जाईल याची धास्ती वाटते, मेहनत तर पुन्हा करता येते. म्हणून ‘तीनदा खोडून चौथ्यांदा बरोबर काढलेस, शाबास!’ असे म्हणावे. आपण स्वतः शिकलेले नसलो तरी मुलाची मेहनत आपल्याला दिसते. ती ओळखायला डिग्री लागत नाही.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. रेशनच्या दुकानात पावती मुलाला वाचू द्यावी, सुटे पैसे मोजू द्यावेत. एसटीत तिकीट त्याने मागावे. बँकेची स्लिप, गॅसचे बुकिंग त्याच्याकडून करवून घ्यावे. चुकले तर चारचौघांत ओरडू नये. अनोळखी माणसाशी नजर मिळवून बोलायची सवय अशीच लागते. आपल्या विहारातही रविवारी पाच मिनिटे मुलांना द्यावीत. त्या आठवड्यात काय वाचले, काय पाहिले, एवढेच त्यांनी उभे राहून सांगावे. पाठ केलेले भाषण नको, स्वतःचे चार शब्द हवेत.

तिसरी गोष्ट अवघड आहे. ‘आडनाव काय? म्हणजे तुम्ही कोण?’ हा प्रश्न आपल्या मुलाला कधीतरी विचारला जाणार. शिष्यवृत्तीची यादी वाचताना त्याला उभे केले जाईल, मागून कोणी हसेलही. हे प्रथम शाळेतच कळले तर घाव खोल जातो. म्हणून ते आधी आपल्या तोंडून कळावे. आजी-आजोबांनी काय सोसले ते सांगावे, आणि त्याहून अधिक, त्यांनी काय केले ते सांगावे. कोण गाव सोडून गिरणीत आले, कोणी १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा घेतली, कोणी कंदिलाखाली अक्षर गिरवले. शिष्यवृत्ती ही कोणाची भीक नव्हे, संविधानाच्या वाटेने आलेला हक्क आहे, हे समजावून द्यावे. ‘होय, मी बौद्ध आहे’ हे वाक्य मुलाने घरी सहज म्हटलेले असले, की बाहेर ते अडखळत नाही.

चौथी गोष्ट मुलींची. मुलगा बोलला तर धीट आणि मुलगी बोलली तर आगाऊ, हा न्याय आपल्या घरात शोभत नाही. सावित्रीबाई-जोतिरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाईने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्या काळी एक मातंग मुलगी एवढे विचारू शकली. आज आपल्या लेकीने ‘भाऊ खेळायला जातो, मग भांडी मीच का?’ असे विचारले तर रागावण्याआधी उत्तर शोधावे.

पाचवी गोष्ट पालकसभेची. रोज बुडतो म्हणून आणि काय बोलावे कळत नाही म्हणून आपण जात नाही. वर्षातून दोन वेळा तरी जावे. एवढेच विचारावे, ‘बाई, आमचे मूल वर्गात बोलते का? कुठे बसते?’ आपल्यामागे कोणी उभे आहे हे मुलाला दिसते, आणि शाळेलाही दिसते.

यात कटकट नाही असे नाही. धीट मूल आपल्यालाही प्रश्न विचारते. ‘बाबा, तुम्ही पिता ते पंचशीलात बसते का?’ असे एखादे पोर विचारील आणि बाप गोरामोरा होईल. मग धीटपणा आणि उद्धटपणा यांतला फरक कसा शिकवावा? बुद्धांनी लहानग्या राहुलला आरशाचे उदाहरण दिले. आरशात जसे पाहतो तसे प्रत्येक कृतीकडे पाहावे. करण्याआधी, करताना आणि केल्यावर, माझ्या बोलण्या-वागण्याने मला किंवा दुसऱ्याला इजा होते का, हे तपासावे. प्रश्न विचारण्याची मोकळीक आणि हा आरसा, दोन्ही बरोबर द्यावीत. म्हणजे मूल कोणापुढे वाकणार नाही आणि कोणाला वाकवणारही नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. धीर दिला म्हणजे अन्याय थांबतो असे नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुला गेला. तो बुद्धिमान होता, बोलणारा होता, लढणारा होता. म्हणून मुलाच्या खांद्यावर ‘तूच खंबीर राहा’ एवढेच ओझे टाकून चालणार नाही. नापास झाले, अपमान झाला, कोणी छळले, तरी ज्या घरात परत येऊन रडता येईल असे घर त्याला हवे. ‘काय झाले?’ असे विचारून, मध्ये न बोलता ऐकून घेणारे एक माणूस हवे. घरात कोणी नसेल तर शेजारची मावशी, विहारातले काका असावेत. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा फोन नंबर आहे, तोही मुलांना पाठ असू द्यावा.

आणि या कष्टाचे फळ? ते निकालाच्या दिवसापर्यंत थांबत नाही. दवाखान्यात चिठ्ठी न कळल्यावर आपले पोर डॉक्टरांना विचारते, ‘ही गोळी जेवणाआधी की नंतर?’ कचेरीत साहेबांनी उद्या या म्हटले तर पोरगी विचारते, ‘साहेब, कोणता कागद राहिला ते लिहून देता का?’ ज्या खिडकीपुढे आपण आयुष्यभर हात जोडून उभे राहिलो, तिथे आपले लेकरू सरळ उभे राहून नम्रपणे बोलते. त्या वेळी आईच्या मनाला जे वाटते, त्याला मोल नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आज रात्री जेवताना टीव्ही आणि मोबाइल थोडा वेळ बंद ठेवा. किती मार्क पडले हे विचारू नका. ‘आज शाळेत काय प्रश्न विचारलास?’ एवढे विचारा. पहिल्या दिवशी मूल खांदे उडवील. आठ दिवस विचारत राहा.

जयभीम!